नेटवर्क ड्रायव्हरमधले मेमरीचे बग: बफर आत्ता कोणाच्या ताब्यात आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६४ बिटी एआरएम बोर्ड, त्यावर गिगाबिट इथरनेटची चिप, आणि चिपवाल्यांनी दिलेला लिनक्सचा ड्रायव्हर, जो मुख्य कर्नलमध्ये नाही. ट्रॅफिक चालू ठेवलं की मोकळी मेमरी आटत जाते. इंटरफेस डाउन-अप करताना अधूनमधून कर्नल पॅनिक होतो, म्हणजे सगळी सिस्टिमच कोसळते, आणि दर वेळी स्टॅक ट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी) वेगळाच असतो. कधी फाइलसिस्टिमचा, कधी कन्सोलचा, ड्रायव्हरचं नाव त्यात कुठेच नाही. केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन चालू केलं तर तेही गप्प. दोष ड्रायव्हरचा की रॅमचा, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची?

मला हा ड्रायव्हरचाच दोष वाटतो, आणि तोही एक नाही, दोन-तीन. रॅम बिघडली असती तर क्रॅश डाउन-अपची वेळ साधून आले नसते. एक विनंती आधीच करतो: क्रॅश जिथे झाला त्या ओळीवर नल-चेक (पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी) टाकून मोकळे होऊ नका. फाइलसिस्टिमचा बिचारा पॉइंटर दुसऱ्याच कोणीतरी खराब केलाय. तिथे चेक टाकलात तर उद्या तोच दोष तिसऱ्या ठिकाणी उगवेल आणि तुमच्या हातातला धागाही जाईल.

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका बफरला, म्हणजे पॅकेट ठेवायच्या मेमरीच्या तुकड्याला, तीन दावेदार असतात: कर्नलचा नेटवर्क स्टॅक, ड्रायव्हर आणि स्वतः कार्ड. कोणत्याही क्षणी ताबा यांच्यापैकी एकाकडेच असला पाहिजे. मी या क्षेत्रात पाहिलेले मेमरीचे जवळजवळ सगळे बग म्हणजे या ताब्याचा घोळ. ताबा कोणाकडेच उरला नाही की गळती, दोघांकडे राहिला की डबल फ्री (एकच मेमरी दोनदा सोडणं) किंवा फ्री झालेल्या मेमरीचा वापर. म्हणून ड्रायव्हर वाचायला बसाल तेव्हा फंक्शनं वरून खाली वाचू नका. एक बफर धरा आणि प्रत्येक रिटर्नपाशी थांबून विचारा, आत्ता हा कोणाचा?

आधी गळती, कारण ती सोपी आहे. मेमइन्फोमध्ये एसअनरीक्लेमचा आकडा बघा, म्हणजे स्लॅबमधली (कर्नलच्या छोट्या वस्तूंच्या साठ्यातली) परत न घेता येणारी मेमरी. तो वाढत असेल तर स्लॅबटॉप उघडा. एसकेबफ_हेड_कॅश फुगतोय म्हणजे एसकेबी, कर्नलमधल्या पॅकेटच्या रचना, सुटत नाहीयेत. स्लॅब स्थिर आहे आणि तरी मेमरी कमी होतेय, तर गळती पानांची आहे, म्हणजे बहुधा रिसीव्ह बाजूची. ते बफर पेज ॲलोकेटरकडून (मेमरीची पूर्ण पानं देणारा कर्नलचा भाग) किंवा पेज पूलकडून (ड्रायव्हरसाठी राखलेल्या पानांचा साठा) येतात आणि स्लॅबच्या हिशोबात दिसत नाहीत. मग आयपर्फ या ट्रॅफिक सोडणाऱ्या साधनाने एकाच दिशेने यूडीपी सोडा, आधी बोर्डाकडून बाहेर, नंतर उलट. कोणत्या दिशेला गळतंय हे चहा संपायच्या आत कळतं.

केमेमलीक हे गळती शोधणारं साधन वापरा, ते २००९ पासून कर्नलमध्ये आहे, पण त्याचे दोन आंधळे कोपरे लक्षात ठेवा. पेज ॲलोकेटरकडून थेट घेतलेली पानं ते मोजत नाही. आणि ज्या वस्तूकडे कुठूनतरी पॉइंटर जातो तिला ते गळती मानतच नाही. ट्रान्समिट रिंगच्या (कार्डासाठी मांडलेल्या बफरांच्या गोल रांगेच्या) ॲरेमध्ये जुना एसकेबी पॉइंटर तसाच पडून असेल तर केमेमलीकच्या लेखी सगळं आलबेल. पानांसाठी पेज-ओनर वापरा, ते कोणतं पान कोणी घेतलं याची नोंद ठेवतं.

ट्रान्समिटच्या फंक्शनात, म्हणजे एनडीओ_स्टार्ट_एक्समिटमध्ये, नियम कडक आहे. टीएक्स_ओके परत केलंत की एसकेबी तुमचं झालं. ते पाठवलंत की टाकून दिलंत याच्याशी स्टॅकला देणंघेणं नाही, फ्री तुम्हीच करायचं. टीएक्स_बिझी परत केलंत तर एसकेबी अजून स्टॅकचंच आहे, तो ते पुन्हा रांगेत घालणार, त्याला हात लावायचा नाही. आता तुमच्या ड्रायव्हरमध्ये डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरी थेट वापरता यावी म्हणून बफरचा पत्ता त्याला उघडणं) फसलं तर काय होतं ते बघा. माझी खात्री आहे की तिथे नुसतं टीएक्स_ओके परत केलेलं असेल, डेव्ह_केफ्री_एसकेबी_एनी न बोलावता. हा प्रकार इतका सर्रास आहे की मुख्य कर्नलमधल्या, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या ड्रायव्हरांमध्येही तो अगदी अलीकडेपर्यंत सापडत आणि दुरुस्त होत आलाय. याच्या उलटी चूक जास्त घातक: एसकेबी फ्री करून टीएक्स_बिझी परत करणं. स्टॅक तेच मेलेलं एसकेबी पुन्हा तुमच्या हातात देतो.

या फंक्शनात आणखी एक सापळा आहे. छोटं पॅकेट ६० बाइटपर्यंत भरून घ्यायला एसकेबी_पुट_पॅडटू बोलावतात. ते फसलं तर एसकेबी त्यानेच फ्री केलेलं असतं. पुढे सवयीने एरर लेबलवर उडी मारलीत की तिथे दुसऱ्यांदा फ्री. पण म्हणून हे पॅडिंगच काढून टाकू नका. एआरपीची फ्रेम हेडर धरून ४२ बाइटची असते, उरलेले १८ बाइट कोणीतरी भरावेच लागतात. २००३ च्या जानेवारीत उघड झालेली ईथरलीक नावाची त्रुटी, सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीतली सीव्हीई-२००३-०००१, हीच होती: अनेक ड्रायव्हर ते बाइट शून्याने न भरता बफरच्या पुढची जुनी मेमरी तशीच तारेवर सोडत होते. कर्नलच्या पोटातलं काहीही, पासवर्डाचे तुकडेसुद्धा, शेजारच्या मशीनला वाचता येत होतं.

फ्री झाल्यावर वापर होण्याचं ट्रान्समिटमधलं सगळ्यात आवडतं ठिकाण सांगतो. कोड असा असतो: डिस्क्रिप्टर (बफरचा पत्ता आणि लांबी सांगणारी रिंगमधली नोंद) भरला, टेल रजिस्टरमध्ये लिहून कार्डाला इशारा दिला, आणि मग पुढच्या ओळीत आकडेवारीसाठी टीएक्स_बाइट्समध्ये एसकेबीची लांबी मिळवली. वाचताना काहीच खटकत नाही. पण इशारा दिल्याक्षणी कार्ड पॅकेट पाठवू शकतं, दुसऱ्या कोअरवर कम्प्लीशन (पाठवून झालेले बफर सोडणारा कोड) धावू शकतं आणि एसकेबी फ्री होऊ शकतं. तुमची पुढची ओळ मग मेलेल्या एसकेबीची लांबी वाचते. इशारा देण्याआधी लांबी एका लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि त्यानंतर एसकेबीचं नावही काढू नका. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण बग महिनोन् महिने लपून राहतो, कारण दोन कोअरची वेळ जुळावी लागते.

एसकेबी तुकड्यांत असेल आणि तिसऱ्या तुकड्याचं मॅपिंग फसलं, तर आधीचे दोन उलटे सोडवावे लागतात. तिथे इंडेक्स मागे नेताना रिंगची सुरुवात ओलांडली जाते का, आणि पहिला तुकडा सिंगल म्हणून तर बाकीचे पेज म्हणून सोडवले जातात का, एवढं तपासा. मॅपिंग फसलं का हे पत्ता शून्याशी ताडून ठरवायचं नसतं, डीएमए_मॅपिंग_एररलाच विचारायचं असतं. शून्य हा वैध डीएमए पत्ता असू शकतो.

आता रिसीव्ह. तुमचे चमत्कारिक क्रॅश इथूनच येतायत असं मला वाटतं, आणि केसॅन गप्प असण्याचं कारणही इथेच आहे. केसॅन कम्पायलरच्या मदतीने चालतं: सीपीयूने मेमरी वाचली किंवा लिहिली की आधी शॅडो मेमरीत (कोणती मेमरी वैध आहे याच्या नोंदवहीत) बघून ते खातरजमा करतं. कार्ड डीएमएने थेट रॅममध्ये लिहितं, त्या लिहिण्यात सीपीयूची एकही सूचना नसते. म्हणजे कार्डाने फ्री झालेल्या पानावर लिहिलं तर केसॅनला ते कधीच दिसणार नाही. केसॅन गप्प आहे आणि मेमरी तरी खराब होतेय, हाच कार्डाविरुद्धचा पहिला पुरावा समजा.

नेहमीचा गुन्हा असा घडतो. पॅकेट आलं, ड्रायव्हरने बफर स्टॅकला देऊन टाकला, मग रिंगमधल्या त्या जागेसाठी नवा बफर मागितला, आणि मेमरीची चणचण असल्यामुळे तो मिळाला नाही. डिस्क्रिप्टरमध्ये जुन्या बफरचाच पत्ता आहे, आणि लूपच्या शेवटी ड्रायव्हर तो डिस्क्रिप्टर पुन्हा कार्डाच्या नावावर करतो. स्टॅक बफर वापरून फ्री करतो, ती मेमरी फाइलसिस्टिमला मिळते, आणि काही वेळाने कार्ड तिच्यावर नवं पॅकेट उतरवतं. क्रम उलटा हवा: आधी नवा बफर मिळवा, मॅप करा, दोन्ही जमलं तरच जुना वर द्या. नाही जमलं तर आलेलं पॅकेट टाकून द्या, ड्रॉप्डचा आकडा वाढवा आणि जुनाच बफर कार्डाला परत द्या. एक पॅकेट गेलं तर टीसीपी ते पुन्हा मागून घेतं.

यात गळती आणि क्रॅश एकमेकांना कसे खतपाणी घालतात तेही बघा. ट्रान्समिटच्या गळतीने मेमरी आटली की रिसीव्हचं ॲलोकेशन फसायला लागतं, आणि एरवी कधीच न चालणारा हा एररचा मार्ग चालू होतो. चाचणीत सापडलं नाही याचं कारण तेच.

हे सिद्ध करायला एसएमएमयू (कार्ड कोणत्या मेमरीला हात लावू शकतं ते आवरणारं हार्डवेअर) असेल तर तो चालू करून बूटच्या वेळी आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१ द्या. आळशी मोडमध्ये अनमॅप केल्यावरही काही मिलिसेकंद जुना पत्ता कार्डाला उघडा राहू शकतो, स्ट्रिक्टमध्ये ती पळवाट बंद होते. फ्री झालेल्या बफरवर लिहायला गेलेलं कार्ड मग जागीच फॉल्ट देतं, पत्त्यासकट. एसएमएमयू नसेल तर स्लबचं (स्लॅब सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागाचं) डीबगिंग आणि पेज पॉइझनिंग (फ्री झालेली पानं ठरावीक बाइटने भरणं) बूटच्या वेळी चालू करा. स्लब फ्री केलेली वस्तू ६बी या बाइटने भरून ठेवतं आणि पुन्हा देताना तपासतं. मध्ये कोणी लिहिलं असेल, मग तो सीपीयू असो की कार्ड, तर पॉइझन ओव्हररिटन असा रिपोर्ट येतो आणि सोबत मेमरीचा हेक्स डंप.

तो डंप नीट वाचा, तिथे गुन्हेगार सही करून गेलेला असतो. ६बी ६बी ६बी अशी एकसुरी रांग चालू असते आणि मध्येच सहा बाइट तुमच्या बोर्डाच्या मॅक पत्त्याचे, पुढचे सहा समोरच्या मशीनचे किंवा राउटरचे, मग ०८ ००, आणि लगेच ४५ ००. ०८ ०० म्हणजे आतमध्ये आयपीव्ही४ आहे, आणि ४५ ने आयपी हेडर सुरू होतं. किंवा सहा वेळा एफएफ आणि फ्रेमच्या सुरुवातीपासून बारा बाइटनंतर ०८ ०६, म्हणजे एआरपीचं ब्रॉडकास्ट. फाइलसिस्टिम असले बाइट लिहीत नाही. ही खराबी वस्तूच्या सुरुवातीपासून ६४ बाइटवर सुरू होत असेल तर खात्रीच समजा, कारण एसकेबीच्या पुढे हेडरूम म्हणून तेवढी जागा ड्रायव्हर सोडत असतात.

कार्डाने दिलेल्या लांबीवर विश्वास टाकू नका. डिस्क्रिप्टरमधली लांबी बफरपेक्षा मोठी असू शकते, आणि चारपेक्षा लहानही. दुसरी शक्यता लोक विसरतात. सीआरसीचे (फ्रेमच्या शेवटच्या पडताळणीच्या आकड्याचे) चार बाइट वजा केले की अनसाइन्ड आकडा उलटून चार अब्जांच्या घरात जातो. बाहेरून जोडायच्या यूएसबी कार्डांत तर लांबी आणि ऑफसेट दोन्ही समोरचं उपकरण सांगतं. ॲसिक्सच्या एएक्स८८१७९ चिपच्या ड्रायव्हरमध्ये नेमकी इथेच बफरबाहेर वाचण्याची त्रुटी निघाली, सीव्हीई-२०२२-२९६४. लांबी वाचण्याआधी ताब्याचा बिट तपासून डीएमए_आरएमबी हा वाचनांचा क्रम पक्का करणारा बॅरिअर टाकलाय ना, तेही बघा. एआरएम वाचनांचा क्रम बदलू शकतो: बिट नवा आणि लांबी मात्र मागच्या पॅकेटची, असं घडतं. एक्स८६ वर हाच कोड वर्षभर सुरळीत चालेल.

ड्रायव्हर बिल्ड_एसकेबी (आलेल्या बफरभोवतीच एसकेबी बांधणारं फंक्शन) वापरत असेल तर एक हिशोब कागदावर मांडा. २०४८ बाइटचा बफर. सुरुवातीला ६४ बाइट हेडरूम, शेवटी एसकेबी_शेअर्ड_इन्फोसाठी ६४ बिटी मशीनवर सहसा ३२० बाइट. पॅकेटला उरले १६६४. एमटीयू (एका फ्रेममध्ये नेता येणारा सर्वात मोठा डेटा) १५०० असताना फ्रेम सीआरसी धरून १५१८ ची, सुखाने मावते. कोणी एमटीयू १७०० केला की फ्रेम १७१८ ची होते. ड्रायव्हरने कार्डाला बफरची लांबी १६६४ सांगितली असेल तर कार्ड तिथे थांबेल. पण कित्येक ड्रायव्हर सरळ २०४८ सांगून मोकळे होतात. मग पॅकेटचा शेवट शेअर्ड_इन्फोवर सांडतो, त्यातला तुकड्यांचा आकडा आणि पानांचे पॉइंटर कचरा होतात, आणि एसकेबी फ्री होताना कर्नल भलतीच पानं सोडून देतो. एमटीयू बदलू देणाऱ्या फंक्शनात ही मर्यादा हवी, आणि कार्डाला सांगायची लांबीही याच हिशोबातून आली पाहिजे.

डाउन-अपचा क्रॅश उरला. बंद करण्याचा क्रम असा ठेवा: आधी ट्रान्समिटची रांग थांबवा, मग कार्डाचे इंटरप्ट बंद करून चालू हँडलर संपेपर्यंत थांबा, मग नॅपी_डिसेबल (पॅकेट गोळा करणारा लूप बंद), मग कार्डाचं डीएमए बंद. आणि ते खरंच थांबलं का हे स्टेटस बिट वाचून बघा. थांब म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं म्हणजे ते थांबलं असं नसतं, हातात घेतलेलं पॅकेट कार्ड पूर्ण उतरवतं. त्यानंतरच रिंग आणि बफर फ्री करायचे. तुमच्या ड्रायव्हरमध्ये बहुधा लिहून लगेच फ्री केलेलं असेल.

टाइमआउटनंतर रीसेट करणारं वर्क (कर्नल मागे चालवतो ते काम) असेल तर ते ड्रायव्हर काढताना, अनरजिस्टर_नेटडेव्ह झाल्यावर, कॅन्सल_वर्क_सिंकने थांबवा. इंटरफेस डाउन करण्याच्या फंक्शनात नको: तिथे आरटीएनएल हा नेटवर्कच्या सेटिंगचा लॉक घेतलेला असतो, वर्कही तोच लॉक मागतं, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. वर्कने लॉक मिळाल्यावर इंटरफेस अजून चालू आहे का हे विचारून मगच काम करावं. फ्री_नेटडेव्ह सगळ्यात शेवटी, कारण ड्रायव्हरची खासगी रचना त्याच ॲलोकेशनमध्ये असते. त्यानंतर त्या रचनेतून, म्हणजे प्रिव्हमधून, काहीही वाचणं म्हणजे मेलेली मेमरी वाचणं. स्मॅच हे साधन ही चूक कोड न चालवता दाखवतं. इंटरप्ट डेव्हएमच्या (ड्रायव्हर काढताना आपोआप सोडणाऱ्या) फंक्शनाने घेतला असेल आणि नेटडेव्ह हाताने फ्री होत असेल, तर इंटरप्ट नंतर सुटतो, मध्ये फट राहते. डीबग_एसएचआयआरक्यू हा पर्याय चालू केलात तर शेअर्ड इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवतो आणि ही फट पहिल्याच वेळी पकडली जाते.

आणखी दोन युक्त्या. स्विओटीएलबी=फोर्स देऊन बूट केलंत की प्रत्येक डीएमए एका मध्यस्थ बफरमधून जातं. त्यामुळे सिंक किंवा अनमॅप विसरलेला ड्रायव्हर लगेच जुना डेटा दाखवायला लागतो, आणि तो मधला बफर लहान ठेवलात तर मॅपिंग खरोखरच फसायला लागून एररचे मार्ग चालून निघतात. दुसरी, डीएमए_एपीआय_डीबग, म्हणजे डीएमएच्या वापरातल्या चुका पकडणारा कर्नलचा पर्याय. ते मुळात पहिलीच चूक सांगून गप्प होतं, म्हणून डीबगएफएसमधल्या ऑल_एरर्स या फाइलमध्ये १ लिहा.

एवढं सगळं करूनही पुरावा ड्रायव्हरकडे बोट दाखवत नसेल तर दुसरीकडे बघायची तयारी ठेवा. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या ई१०००ई कार्डांची एनव्हीएम (कार्डावरची कायमची मेमरी) पुसली जाऊन कार्डं निकामी होत होती, आणि साहजिकच सगळे ड्रायव्हर तपासत होते. खरा दोष डायनॅमिक एफट्रेसचा, म्हणजे कर्नलमधल्या फंक्शनांचा माग ठेवणाऱ्या साधनाचा, निघाला. मॉड्यूलचा सुरुवातीचा कोड फ्री झाल्यावरही त्याने तिथले पत्ते लक्षात ठेवले होते, तीच पत्त्यांची जागा पुढे कार्डाच्या एनव्हीएमला मिळाली, आणि एफट्रेस तिथे लिहायला गेला. ड्रायव्हरची चूक नव्हती, पण घोळ तोच होता, सोडून दिलेल्या मेमरीवरचा जुना हक्क.

दुरुस्तीला हात घालण्याआधी चिपच्या आतला इथरनेटचा भाग कोणाचा आहे ते डेटाशीटमध्ये बघा. बऱ्याच एआरएम चिपांत तो सिनॉप्सिसचा डिझाइनवेअर किंवा केडन्सचा असतो, आणि त्यांचे ड्रायव्हर, एसटीएममॅक आणि मॅकबी, मुख्य कर्नलमध्ये आधीच आहेत, शेकडो लोकांनी तपासलेले. तसं असेल तर मी चिपवाल्यांचा ड्रायव्हर दुरुस्त करण्यात एक दिवसही घालवणार नाही. क्लॉक, रीसेट आणि पीएचवायची (केबलशी बोलणाऱ्या चिपची) जोडणी करणारा छोटा भाग लिहा आणि चिपवाल्यांचा ड्रायव्हर सोडून द्या.

तसं नसेल तर प्रत्येक बगचा कमिट वेगळा ठेवा, आणि क्रम असा: आधी रिसीव्हचा, मग बंद करण्याचा क्रम, मग ट्रान्समिटची गळती. गळती आधी बुजवलीत तर मेमरीची चणचण नाहीशी होईल, रिसीव्हचा बग झोपी जाईल आणि तो सुधारला की नाही हे तुम्हाला तपासता येणार नाही. प्रत्येक कमिटनंतर दोन्ही दिशांनी ट्रॅफिक चालू ठेवून इंटरफेस रात्रभर डाउन-अप करत राहा, सकाळी मॉड्यूल काढा आणि लॉग बघा. डीएमए_एपीआय_डीबगने पेंडिंग डीएमए ॲलोकेशन्सची तक्रार केली तर त्याच ओळीत आकार आणि दिशा दिलेली असते. फ्रॉम_डिव्हाइस असेल तर रिसीव्हचा बफर सुटायचा राहिलाय, टू_डिव्हाइस असेल तर ट्रान्समिटचा. खाली छापलेला स्टॅक ट्रेस तो मॅप केल्याच्या क्षणाचा असतो, तिथून त्याच बफरच्या मागे पुन्हा चालत या.